मेणावरचं शेवटचं कडवं

शिकागोच्या साउथ साइडला, काळ्या लोकांच्या वस्तीत, ओडेसा प्रुइट लोकांचे कपडे धुवायची आणि रविवारी चर्चमध्ये असं गायची, की पाद्रीबाबा प्रवचन आवरतं घेत. १९२३ साली टॉल्बर्ट गेन्स नावाच्या गोडबोल्या दलालाने तिला हेरलं, तीन वर्षांच्या करारावर सही घेतली आणि रेकॉर्डिंगला नेलं. पहिली रेकॉर्ड हातात आली, तर त्यावर नाव ‘पर्ल डेव्हो’. जाहिरातीत फोटो टॉल्बर्टच्या उजळ रंगाच्या बायकोचा, लविनियाचा.

ओडेसाने जाब विचारला.

“आरशात बघतेस का कधी?” तो म्हणाला. “गळा खपतो गं तुझा, चेहरा नाही.”

त्या दिवसापासून तिने राग पोटात मुरत ठेवला. लविनिया गावोगाव पर्ल म्हणून मिरवत होती, बेसूर गायली की सर्दीचं निमित्त सांगत होती. ओडेसाला आपलं नाव परत हवं होतं, आणि त्या दोघांची भर सभेत जिरवायची होती.

तेव्हा गाणं मेणाच्या तबकडीवर कोरत. कुणी शिंकलं तरी तबकडी वाया, म्हणून टॉल्बर्टला खोलीबाहेर बसवत. आतला गोरा यंत्रवाला नुसतं घड्याळ आणि सुई बघायचा. काळ्या लोकांच्या गाण्यातले शब्द ऐकायची त्या शहाण्याला कधी गरजच वाटली नाही. कराराच्या शेवटच्या तबकडीला ओडेसाने कडवं बदललं:

“पर्लच्या गळ्यात मोत्यांची माळ, आवाज नाही गं बाई,
गाते ती ओडेसा प्रुइट, पर्ल कुणीच नाही.”

पियानोवाला चपापला. तिने डोळे वटारले, तसा तो मुकाट वाजवत राहिला.

रेकॉर्ड तुफान चालली. टॉल्बर्ट बोंबलत रेकॉर्ड कंपनीत गेला, पण खपता माल बंद करायला कंपनी काय खुळी होती?

मग शिकागोत पर्लचा शनिवारचा दुपारचा खेळ. ओडेसा नवी टोपी घालून पहिल्या रांगेत बसली. लविनियाने ते कडवं गाळून मान लववली आणि थिएटरभर पाय आपटायला सुरुवात झाली. घरोघरी पाठ झालेलं कडवं लोक थोडंच सोडणार! टॉल्बर्ट घामाघूम होऊन ओडेसाजवळ आला. तूच वर चल, बाहेरच्या पाटीवर तुझं नाव लावतो, म्हणून गयावया करू लागला.

“नाव लोकांना ठाऊक झालंय,” ती म्हणाली. “आता तिच्या तोंडून ऐकायचंय.”

लविनियाला गावं लागलं, रडत, शब्द न् शब्द. टाळ्या थांबायच्या आत ओडेसा उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “वन्स मोअर!”