काटा उतरला, करदोटा नाही

पासली गावात ओझं मोजायची एक जुनी रीत होती. "गेनूच्या एका खांद्याचं हाय," असं कुणी म्हटलं, की ऐकणाऱ्याला कळायचं: हे आपल्यानं हलणार नाही.

गेनबा वेल्ह्याच्या वाटेवरच्या भाताच्या गिरणीत हमाल होता. तीस वर्षं. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन तो फळीवरून टेम्पोत चढायचा, तेव्हा फळी वाकायची. गेनबा वाकायचा नाही. त्याच्या पोटऱ्या अशा, की गावातली माणसं बोलताबोलता तिकडंच बघत राहायची.

मग गिरणीत पट्टा आला. पोतं पट्ट्यावर ठेवलं, की आपोआप वर जाऊ लागलं. मालक शाकिरभाई भोरचे, दिलदार माणूस. त्यांनी गेनबाला काढलं नाही, दारात खुर्ची दिली. "लई वजन वाहिलंस गेनबा. आता बस," म्हणाले.

गेनबा बसला. पाच वर्षं बसला. काम बसलं, पण हमालाची भूक बसली नाही. ताटात पूर्वीएवढाच भाताचा ढीग. पोट पुढं येत गेलं आणि हातपाय गुपचूप बारीक होत गेले. कमरेचा काळा करदोटा त्यानं दोनदा सैल करून बांधला.

त्याच काळात त्याची बायको, धोंडाबाई, चुलीपुढं कोसळली. डावं अंग गेलं, तोंड वाकडं झालं. तिला बीपी होतं, साखर होती. दोन्ही किती दिवसांपासून अंगात राहत होती, हे तिला दवाखान्यात कळलं.

घराचं जोतं उंच. सात पायऱ्या. सारोळ्याला दिलेल्या लेकीनं चाकाची खुर्ची पाठवली, ती पडवीतच राहिली आणि तिच्यात कोंबड्या बसू लागल्या. आतली खोली अंधारी, दिवसाही दिवा लागायचा. म्हणून रोज सकाळी गेनबा धोंडाबाईला दोन्ही हातांवर उचलायचा, सात पायऱ्या उतरायचा आणि आंब्याजवळच्या बाजेवर ठेवायचा. ऊन पहिलं तिथं यायचं. शेताला जाणाऱ्या बायकाही तिथूनच जायच्या.

"काय गं धोंडाबाई, पालखीतनं उतरलीस व्हय?"

"मंग! तुजा नवरा उचलतो का, ते सांग की," धोंडाबाई अर्ध्या तोंडानं म्हणायची.

"माजा? त्याला आदी मीच उचलून शेताव न्हेती!"

त्या हसण्यावर तिचा उरलेला दिवस निघायचा. परक्या पुरुषाचा हात ती लावून घेत नव्हती, आणि बायकांना ती त्या पायऱ्यांवर पेलत नव्हती. गेनबाचे दोन हात, एवढाच तिला बाहेरचा रस्ता होता.

गेल्या साली गेनबाला गिरणीच्या दारात घेरी आली. शाकिरभाईंनी त्याला भोरला नेलं. डॉक्टरांनी तपासलं. साखर वाढलेली, बीपी वाढलेलं, लिव्हरवर चरबी. डॉक्टर नीट बोलले. रोज गोळी घ्या, भात कमी करा, डाळ-उसळ खा, चाला, हातापायांना काम द्या, पोट उतरवा, वजन उतरवा. आणि शेवटी म्हणाले, "नाहीतर बायकोला झालं, ते तुम्हालाही होईल."

गेनबाच्या मनात ते शेवटचंच रुतलं. आपण पडलो तर धोंडीला उचलायचं कुणी?

डॉक्टरांनी सांगितलेल्या सगळ्या गोष्टींत वजन ही एकच गोष्ट त्याच्या ओळखीची होती. तीस वर्षं त्यानं काटाच बघितला होता. काटा खोटं बोलत नाही, हे त्यानं कितीतरी शेतकऱ्यांना छाती ठोकून सांगितलं होतं. त्यानं बाकीचं सोडलं आणि काटा धरला.

त्यानं खाणंच तोडलं. सकाळी बिनसाखरेचा कोरा चहा, संध्याकाळी वाटीभर तांदळाची पेज. सोमवार, गुरुवार, शनिवार कडक उपास. उपासाला गोळी चालत नाही म्हणून त्या दिवशी गोळीही बंद. देवापुढं हात जोडून त्यानं अंडी, कोंबडी सोडली. घरची अंडी सगळी धोंडाबाईला. आणि दर मंगळवारी गिरणीत तो पोती तोलायच्या काट्यावर उभा राहायचा.

एक्याऐंशी. अठ्ठ्याहत्तर. त्र्याहत्तर.

"गेनबा, पोत्याला भोक पडलंय का रे? भात गळतोय," शाकिरभाई म्हणायचे.

"गळू द्या मालक. हलकं पोतं लांब जातं."

सहासष्ट झाले, त्या दिवशी तो पासलीपर्यंत आकडा मनात घोळवत आला. पूर्वी फळीचा होता, तेवढा अभिमान त्याला त्या आकड्याचा होता. घरात शिरताच त्यानं तो धोंडाबाईला सांगितला.

तिनं उजवा, चांगला हात त्याच्या पोटावर ठेवला. बोट करदोट्याखाली घालून बघितलं. बोट जेमतेम शिरलं.

"काटा उतरला म्हंतुयास. करदोटा कुठं उतरलाय?"

"तुला काय कळतंय त्यातलं!" गेनबा हसला.

पण पायऱ्यांवर त्याच्या मांड्या थरथरू लागल्या होत्या. चौथ्या पायरीवर तो थांबायचा आणि म्हणायचा, "कावळा बग, किती काळा हाय." धोंडाबाई कावळा बघायची. त्याच्या छातीतली धडधड तिच्या कानाशीच होती.

माघातली एक सकाळ. तिसऱ्या पायरीवर गेनबाचा गुडघा मोडल्यासारखा झाला. पडतापडता तो वळला, स्वतः खाली गेला. तरी धोंडाबाईचं कपाळ दगडावर आपटलंच. दोघं अंगणात पडून राहिली. गेनबानं हात टेकले, पाय ओढले, पुन्हा टेकले. त्याला उठताच येईना. शंभर किलो घेऊन चढणाऱ्याला स्वतःचे सहासष्ट उचलेनात. कोंबड्या येऊन त्याच्याभोवती दाणे शोधू लागल्या.

बायका धावत आल्या. "आदी त्याला उठवा," रक्त पुसत धोंडाबाई म्हणाली. "माजं काय, मी पडलेलीच असती."

बायकांनी दोघांना थांबत थांबत, कसंबसं घरात नेलं. उपकेंद्रातली वैष्णवी सिस्टर आली. तिनं कपाळाला पट्टी केली आणि मग गेनबाचं बोट टोचलं. साखर गेल्या सालापेक्षा जास्त. पोटाला टेप लावली, ती दोन बोटंच कमी. मग तिनं त्याच्या पोटरीला हाताचा वेढा घातला. तिची बोटं एकमेकांना भिडली.

"बाबा, पोटऱ्या कुठं गेल्या तुमच्या?"

"वजन उतारलं न्हवं का. पंधरा किलो."

"उतरलं. पण चरबी थोडी गेली आणि मांसच जास्त गेलं." ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली. "बाबा, खाल्लेल्यातली साखर साठवायची कणगी म्हणजे हे मांडीचं, पोटरीचं मांस. तुम्ही कणगीच मोडून टाकलीत. मग साखर रक्तात फिरणारच. आणि पोटातली चरबी आहे तिथंच. काट्याला काय कळतंय, पोत्यातनं तांदूळ गेला का कोंडा?"

तांदूळ पाखडून बाहेर टाकला आणि कोंडा जपून ठेवला. तीस वर्षं गिरणीत काढलेल्या माणसानं.

"परत यील?" त्यानं विचारलं.

"थोडं येईल. हळूहळू. भोरला पुन्हा दाखवा, गोळी एक दिवस चुकवू नका. डाळ, अंडी खा. आणि रोज थोडं थोडं उचलायचं. पण सहा महिने मावशींना उचलायचं नाही."

सहा महिने. धोंडाबाईनं छताकडं बघितलं.

शाकिरभाईंनी तांदळाच्या कणीच्या किलोकिलोच्या पिशव्या तोलून बांधून दिल्या. गेनबानं एक रिकामं पोतं घेतलं. त्यात पिशव्या घालायच्या, पोतं छातीशी धरून उठायचं. धोंडाबाईचं वजन अठ्ठेचाळीस. दवाखान्याच्या कागदावर लिहिलेलं होतं. पहिल्या दिवशी गेनबा दहावर थांबला. महिन्यानं एकोणीस झाले आणि तिथंच अडले. विसावी पिशवी टाकली, की पाय उठायचं नाव घेत नव्हते.

बाज बाहेर रिकामी. बायका जाताना अंगणातून हाक मारायच्या, "धोंडाबाई, हाईस न्हवं?" पहिले काही दिवस ती आतून ओ द्यायची. मग फक्त खोकायची. मग तेही नाही. हळूहळू बायकांनीही हाक मारायची सोडली.

रोज सकाळी एवढंच बोलणं उरलं.

"किती?"

"एकूणीस."

"आन् मी?"

"अठ्ठेचाळीस. कितींदा इचारशील?"

ताट तिच्या उजव्या हाताशी ठेवून गेनबा गिरणीत जायचा. परत यायचा तेव्हा ताट चाटूनपुसून लख्ख असायचं. त्याला बरं वाटायचं.

एका रविवारी त्यानं तिची गोधडी झटकायला काढली. भिंतीकडच्या कोपऱ्यातून भाकरीचे वाळके तुकडे पडले. फडक्यात गुंडाळलेला डाळभात, दगड झालेला. दोन उकडलेली अंडी, काळी पडलेली. कोंबडीनं येऊन त्यावर चोच मारली, तरी गेनबा जागचा हलला नाही.

"ह्ये काय?"

धोंडाबाईनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"धोंडे, ह्ये काय म्हंतो मी?"

"तू वर येतूयास," ती भिंतीला म्हणाली. "म्या खाली येती. मदी कुठंतरी गाठ पडंल."

गेनबानं तिच्या अंगावरचं पांघरूण बाजूला केलं. तिचा चांगला हात त्यानं हातात घेतला. मनगटापासून कोपरापर्यंत नुसती काठी. ज्या हातानं तिनं त्याचा करदोटा तपासला होता, त्या हाताला आता त्याचं बोटही घट्ट धरवत नव्हतं. त्याला हुंदका आला, पण तो त्यानं गिळला. रडून कुणाचं वजन वाढत नाही.

त्यानं डाळीत भाकरी कुस्करली. अंडं बारीक केलं. घास तिच्या तोंडाशी नेला. तिनं ओठ मिटले. उजवीकडून मिटले, डावीकडून मिटेनात.

"जड हो, धोंडे. माजं म्या बघतू. तू जड हो."

ती मान हलवत राहिली. डाळ तिच्या हनुवटीवरून ओघळली. त्यानं ती पुसली, पुन्हा घास धरला.

"किती झालं आज?" तिनं विचारलं.

पोतं कोपऱ्यात पडलं होतं. त्या दिवशी सतराच उठले होते.

"पंचवीस," गेनबा म्हणाला.

धोंडाबाईनं त्याच्याकडं पुष्कळ वेळ बघितलं. मग तोंड उघडलं.