सूप आणि भाताच्या मधला किस्सा

जावा बेटावरच्या सोलो शहरातल्या लग्नात पाहुण्यांच्या हातात बर्फाचं गोड पडलं की संपलं. वाटी रिकामी करून लोक थेट घरी निघतात. म्हणून लग्नांचं निवेदन करणारे पाक, म्हणजे तिथले 'राव', गुनार्सो जे काही हसवायचं ते सूप आणि भात यांच्या मधेच हसवतात.

किश्शांचा त्यांना तोटा नव्हता. कुठला किस्सा कुणाकडे सांगून झालाय, हे मात्र आठवत नसे. पाक दार्सोनोंच्या थोरल्या मुलीच्या लग्नातला म्हशीचा किस्सा दुसरीच्या लग्नातही सांगून ते मोकळे झाले होते. आता तिसरीचं लग्न होतं. आमंत्रण देताना दार्सोनोंनी हसतच बजावलं, "पाक, म्हैस या वेळी गोठ्यातच राहू दे. व्याही नवे आहेत, लाज राखा."

गुनार्सोंचे किस्से फोनभर विखुरलेले होते. मुलगी लारासने ते गोळा केले आणि नोंदी ठेवायची तीन ॲप्स उतरवून त्या तिन्हींत भरून दिले. तिन्हींतलं एक कसं निवडायचं ते बायकोने, बु म्हणजे बाई सुमिरांनी, ठरवलं. सूपाची वाटी घेऊन त्या समोर बसल्या. "मी पिते, तुम्ही शोधा. दार्सोनोंकडे काय बोललात? वाटी संपायच्या आत."

पहिलं ॲप पासवर्डच मागत राहिलं. दुसरं लारासचं लाडकं. त्यात प्रत्येक नोंद म्हणजे एक ठिपका आणि ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा. गुनार्सो म्हशीवरून एका जुन्या पद्याकडे गेले, पद्यावरून ते शिकवणाऱ्या मामाकडे, आणि गुणगुणू लागले.

"पाक, गोड वाटून झालं. पाहुणे घरी पोचून झोपलेसुद्धा."

"पण बघ तरी, किती सुंदर दिसतंय!"

"दिसतंय ना. मंडपात कोण बघणार?"

तिसऱ्यात कोरं पान आणि शोधायची चौकट, बाकी काही नाही. गुनार्सोंनी 'दार्सोनो' लिहिलं. काहीच आलं नाही.

"हेही बिनकामाचं!"

"त्याला कशाला बोलता? म्हैस, दात, जावई, सगळं लिहिलंत. कुणाकडे सांगितलं, ते कुठे लिहिलंय?"

मग सुमिराच सांगत गेल्या. त्यांना लग्नं कपड्यांवरून आठवत. "दार्सोनोंच्या दुसरीचं लग्न? माझा जांभळा कबाया. म्हैस झाली आणि वर दातही झाला." गुनार्सो एकेका किश्शाखाली घराचं नाव घालत गेले. चुकलं की सुमिरा हसत आणि दुसरा कबाया काढत.

लग्नाच्या दिवशी सूप फिरू लागलं, तसे गुनार्सो फुलांच्या खांबाआड गेले. 'दार्सोनो' लिहिताच म्हैस आणि दात समोर आले. म्हणजे जावई मोकळा होता.

त्यांनी सासुरवाडीला गेलेल्या भिडस्त जावयाची गोष्ट सांगितली. त्याने रीतीप्रमाणे तीनदा जेवायला नको म्हटलं. चौथ्यांदा कुणी विचारलंच नाही. नवे व्याही सर्वांत आधी हसले. मग मंडपच हसत सुटला आणि भाताची ताटं घेतलेले वाढपी जागच्या जागी थांबले.

नंतर दार्सोनो धावतच आले. "हा कुठे दडवला होतात इतकी वर्षं? धाकटी राहिलीय अजून, तिच्या वेळी हाच सांगायचा!"

"आता नाही जमायचं," गुनार्सो म्हणाले. स्वतःचं ताट बाजूला ठेवून ते जावयाखाली दार्सोनोंचं नाव लिहीत होते.