एका हाकेची ओ

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या खांद्यावर टेकलेल्या वाडीत आवडी राहते. रविवारी मिनीडोअर रिक्षात स्वतःला कोंबून नाते गावच्या प्रार्थनेला जाते. गाणी तिला तोंडपाठ, आवाजही गोड. पण येशूनं तुमचं तारण केलं याची खात्री आहे ना, असं विचारलं की ती पदर सारखा करणार, दरीकडे बघणार आणि म्हणणार, "असंल."

प्रार्थना घेणाऱ्या उज्वलाबाई महाडच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांना या 'असंल'चा भारी राग. एकदा भर मंडळीत म्हणाल्या, "लग्न झालंय का विचारलं तर 'असंल' म्हणता का हो, आवडीबाई?" सगळे हसले, आवडीही हसली. 'आहे' मात्र म्हणाली नाही.

मार्गशीर्षात डॉक्टरांनी सांगितलं, गर्भाची पिशवी काढावी लागेल. "भूल देऊ, काही कळणार नाही." कापण्याचं तिला फारसं वाटलं नाही; धसका बसला तो भुलीचा. भुलीत आपण असणार कुठं? आणि उठलोच नाही, तर कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं? तेव्हापासून चुलीपुढे बसल्या बसल्या तिचे डोळे जड व्हायचे, आणि धुरातून ती जुनी दुपार पुन्हा समोर यायची.

चैत्रातली दुपार. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. करवंदीच्या टेपाडावर ती एकटी लाकडं गोळा करत होती. पान हलत नव्हतं. ऊन असं साचलं होतं, की आपले पाय जमिनीला लागताहेत की नाहीत हेच तिला कळेना. आणि मागून, दरीच्या बाजूनं, जिथं माणसाला उभं राहायला जागाच नाही तिथून हाक आली, "आवडेऽ!"

एकदाच.

वाडीतल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक असतं, की रानात एका हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असला तर पुन्हा हाक मारतो; एकदाच मारतं ते माणूस नसतं. आणि ऐकू आली तरी कुणापाशी बोलायचं नाही. आवडीनं दात आवळले. दुसरी हाक आलीच नाही.

पुढं कितीतरी वर्षांनी नाते गावच्या प्रार्थनेत तिनं ऐकलं, की येशू हा मेंढपाळ आहे आणि तो आपल्या मेंढरांना नावानं हाक मारतो. बाकीच्यांचे चेहरे उजळले. हिच्या मात्र पायाखालची जमीन सरकली. तोच होता तर! त्यानं बोलावलं आणि आपण गप्प राहिलो. त्या दिवसापासून ती मंडळीत बसायची ती आवतण नसताना पंगतीत शिरलेल्या बाईसारखी, कोण येऊन उठवतंय याकडे डोळे लावून. आता याला काय म्हणावं! पण सांगायची सोय नव्हती, म्हणून इतकी वर्षं गिळून बसली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी उज्वलाबाई चढण चढून, धापा टाकत घरी आल्या. ओट्यावर आवडीचा नवरा महिपत दोर वळत होता. "तुमचा देव हिला पावू दे, बाय. माजी सोमजाई मला बरी," असं म्हणून त्यानं त्यांना पाट दिला.

प्रार्थनेआधी बाईंनी तोच प्रश्न विचारला. भुलीची भीती वाडीच्या रितीपेक्षा मोठी ठरली. आवडी सगळं बोलून गेली.

"एवढंच?" उज्वलाबाई म्हणाल्या. "मग इतकी वर्षं तुम्ही त्याला हाका मारताय, त्याचं काय?"

"त्या माज्या झाल्या, बाय. त्याची एकच व्हती. ती मी हुकवली."

ओट्यावरचा दोर थांबला.

"कुठली हाक गो?" महिपतनं विचारलं. "करवंदीच्या टेपाडावरची? आपल्या गायीचा पाडा हरवलेला, त्या टायमाची?"

"तुमाला कोणी सांगितलं?"

"सांगतंय कोण! मीच मारलेली. पलीकडच्या डोंगराच्या सोंडेवरनं. दरीला आपटून मागनं आली असंल."

"अवो, मंग दुसरी का नाय मारली? घसा बसलेला काय?"

"दुसरी कशाला मारू? तू ओ दिली नाय, मला वाटलं घाबरलीस. म्हणून उतरलो नि आलो तुज्यापाशी. मोळी कोणी उचलली? ओ दिली नाय म्हणून बायकोला काय रानात टाकू?"

"मंग इतक्या वर्षांत बोलला का नाय?"

"तू इचारलंस कधी?"

उज्वलाबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. आवडी हसली नाही. तिला घामानं निथळलेला, काही न बोलता मोळी डोक्यावर घेणारा तरणा महिपत दिसत होता. आपल्या तोंडून ओ निघाली नव्हती, तरी आपण घरी पोचलो होतो.

"बाय," ती सावकाश म्हणाली, "साधा माणूस... ओ नाय आली तर उतरून येतो. मंग तो..."

"तो तर केव्हाच उतरलाय, आवडीबाई. पार क्रूसापर्यंत. तुमची ओ आली नाही म्हणून त्याचं अडलंय कुठं?"

"म्हंजे आवतण माजं व्हतंच," आवडी म्हणाली, आणि पदरात तोंड खुपसून पोरीसारखी रडली.

सकाळी महाडच्या एसटीत दोघं शेजारी बसली. सावित्री नदीवर धुकं पसरलं होतं. झाडं अर्धीच दिसत होती, पूल तर नुसता हवेत तरंगत होता. महिपत कपड्यांची पिशवी छातीशी धरून सोमजाईला नवस बोलत होता.

"भ्या नाय वाटत तुला?" न राहवून त्यानं विचारलं.

"वाटतंय की. पोटात सुरी जायाची, नाय कसं वाटणार? पण ह्ये पोटाचं भ्या. दुसरं व्हतं ना, ते गेलं."

"दुसरं कुठलं?"

उत्तर ऐकायला तो वाकला, तर त्याच्या खांद्यावर मान टाकून ती गाढ झोपली होती.