पीठ कमी मळलंय

लढाई सुरू झाली तेव्हा आमच्या घरातले दोघे थोरले भाऊ पलटणीत गेले आणि मी शेवया पाडायला गेलो. यात माझा काही दोष नव्हता. साताऱ्याला भरती होती तिथं मीही छाती फुगवून रांगेत उभा होतो. छाती पसंत पडली, उंची पसंत पडली, पण डॉक्टरानं ओल्या पायानं फरशीवर चालायला लावलं आणि माझा अख्खा तळवा फरशीवर उमटला. तळव्याला खळगा नाही, म्हणजे हा गडी लांब चालायचा नाही, असं त्याचं म्हणणं. जन्मभर ढेकळांतून अनवाणी चाललेल्या माणसाला हे सांगताना त्याला काहीच वाटलं नाही. मी घरी पोचायच्या आत माझ्या तळव्याची बातमी गावात पोचली होती.

उसाकडे बघायला वडील समर्थ होते आणि माझ्याकडे बघून त्यांना राग येत होता. तेव्हा आईनं माहेरच्या ओळखीनं मला सांगलीला एका जैन व्यापाऱ्याकडे चिकटवून दिलं. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं, मीही अण्णाच म्हणू लागलो. अण्णांची मूळची हळदीची अडत. पण मुंबईतला कुठलासा कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी तिथून शेवयांचं यंत्र उचलून आणलं आणि अडतीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मांडलं. वर माणसाच्या उंचीचं चाक, त्याखाली जाड मळसूत्र, त्याखाली पितळेचं नळकांडं आणि नळकांड्याच्या तळाला बारीक भोकांची जाळी. नळकांड्यात पीठ भरायचं आणि चाक फिरवायचं, की वरचा दट्ट्या पीठ दाबत खाली यायचा आणि जाळीतून शेवया सुटायच्या. बायका त्या काठ्यांवर झेलून अंगणात उन्हाला नेत. यंत्राला तेलाचं इंजिनही होतं. पण रॉकेल रेशनवर गेलं, त्यामुळे इंजिन शोभेला राहिलं आणि चाकाला मी लागलो. माझ्या सदऱ्याची उजवी बाही दंडावर घट्ट होऊ लागली, डावी होती तशीच राहिली. अण्णा मात्र आल्यागेल्याला माझी ओळख ‘हे आमचे ऑपरेटर’ अशीच करून देत, आणि तेवढ्यावर मी खूश असे.

अण्णांचा कारखाना त्यांच्या धर्मानं चालायचा. पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय पिठाला लागायचं नाही. सूर्य मावळायच्या आत अण्णांचं जेवण उरकायचं आणि सूर्य मावळायच्या आत आमचं पीठही संपायचं, कारण दिव्याच्या उजेडात किडामुंगी पिठात पडली तर पाप कोणाच्या माथी? शिळं पीठ ठेवायचंही नाही. उरलं तर गोठ्यात. अण्णांच्या गाई तेव्हा सांगलीत सगळ्यांत गुटगुटीत होत्या. इतर कारखान्यांत भोंगा व्हायचा म्हणे. आमच्याकडे अण्णा दारात येऊन पश्चिमेला बघायचे, तोच आमचा भोंगा.

शेवयांना खपली गहू लागे. त्याचा रवा भिजवून दोघी बायका तो उखळात मुसळानं कुटत बसत. पीठ ताणलं तरी तुटेनासं झालं की ते माझ्याकडे येई. वाळलेल्या प्रत्येक घाण्यातली मूठभर शेवई उकडून बघायची, हेही माझंच काम. त्यातली एक शेवई उचलायची, उजेडात धरायची आणि दोन बोटांत चेपायची. आरपार एकसारखी दिसली तर ठीक. मधोमध पांढरा ठिपका राहिला असेल तर पीठ कमी मळलंय, तो घाणा बाजारात जायचा नाही. हे मी इतक्यांदा केलं की पुढेपुढे शेवई दिसली की हात आपोआप जायचा. कुठं बसलोय, कोण समोर आहे, हे हाताला विचारायची सवयच राहिली नाही.

आमचा काही माल ठेकेदारामार्फत पलटणीकडेही जाई. धाकट्यानं तरी घरबसल्या लढाईला हातभार लावला असं आई चारचौघांत सांगायची. मधला भाऊ रजेवर आला तेव्हा म्हणाला, ‘‘व्हय, आल्या हुत्या तुज्या शेवया. आमच्यापातूर येऊस्तवर त्यांचा रवा झाला हुता. शिरा करून खाल्ला.’’

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण लग्नाचं वय झालं आणि माशी शिंकली. मुलीकडचे विचारायचे, पोरगा काय करतो? आई सांगायची, सांगलीला मशीनवर आहे. कसलं मशीन? शेवयांचं. की समोरच्याच्या मिशा हलायला लागायच्या. शेवया हे बायकांचं काम. चैतात बाजेवर पाट टाकून त्यांनी ते करावं, गड्यानं नव्हे. ‘‘कुरडया कवा घालतोस रं गड्या?’’ असं गावातली पोरं मला वेशीतच विचारायची. मी चिडायचो, आणि मी चिडतो म्हणून ती आणखी विचारायची.

शेवटी कुंडलचं एक स्थळ आलं. मुलीचे वडील पेन्शनीत निघालेले हवालदार. बायको लवकर गेलेली, म्हणून मुलीला त्यांच्या विधवा बहिणीनं, म्हणजे मुलीच्या आत्यानं वाढवलेलं. हवालदारांनी मशीन कसलं ते ऐकलं आणि ते हसले नाहीत. एवढ्यावरच आईनं देवाला नारळ बोलला. आम्ही दोघं मुलगी बघायला गेलो.

मुलगी आली, पाया पडली, ताटं ठेवून दाराशी उभी राहिली. सावळी, उंच, आणि डोळे खाली असले तरी सगळं बघतेय असं वाटायला लावणारी. मला ती मनापासून आवडली. आत्या म्हणाल्या, ‘‘घ्या, पोरीच्या हातच्या हायत्या.’’ ताटात उकडलेल्या शेवया, वर गूळ, तूप आणि दूध. हवालदार आईशी पाऊसपाण्याचं बोलत होते. मी मुलीकडे चोरून बघत होतो आणि माझा हात आपल्या कामाला लागला होता. मला कळलं तेव्हा मी एक शेवई उचलून खिडकीच्या उजेडात धरली होती, चेपली होती, आणि माझ्याच आवाजात शब्द ऐकू आले, ‘‘पीठ कमी मळलंय.’’

पाऊसपाण्याचं बोलणं थांबलं. आईनं माझ्या त्या सपाट पायावर आपला पाय दिला. आत्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या हे सांगायला नकोच. मुलीनं तोंडाला पदर लावला आणि ती आत पळाली. ती रडायला गेली असं समजून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ‘‘आमच्यात पाव्हण्यानं ताटाला नाव ठेवल्यालं आजवर न्हाई झालं,’’ एवढं बोलून आत्याही आत गेल्या. परतीच्या वाटेत आई आधी मला बोलली, मग अण्णांना, मग त्या भरतीच्या डॉक्टरालाही सोडलं नाही. त्यानं तुला घेतलं असतं तर ही वेळ आली नसती, असं तिचं म्हणणं होतं.

मी सांगलीला येऊन चाकाला लागलो. स्थळ गेलं हे धरूनच चाललो होतो. चाक फिरवताना ती दाराशी उभी असलेली दिसायची, आणि चाक थांबलं तरी दिसायची. आठवडा उलटला असेल, दुपारी शेडच्या दारात फेटा आणि मिशा दिसल्या. हवालदार होते. त्यांनी आधी यंत्राभोवती एक फेरी मारली, तोफ तपासावी तशी मळसूत्राला बोट लावून तेल बघितलं, आणि मग म्हणाले, ‘‘पाव्हणं, पोरगी म्हणती, तुमी खरं बोललासा. त्ये पीठ तिनं मळलं न्हवतं, आत्यानं मळलं.’’

मी चाक सोडून दिलं.

‘‘आत्याला वाटलं, बघायचा दिवस हाय, पोरीनं हात कशाला खराब करावं. आता पोरगी म्हणती, माज्या हातच्या खाऊन सांगू द्या. आन् आमची बहीण म्हणती, दुसऱ्याच्या पिठाला नाव ठेवणाऱ्याचं सोताचं पीठ कसं असतंय त्येबी बघू. पुनवेला या. तुमच्या मशीनच्या शेवया घेऊन या. बहिणीला पटलं तर सुपारी फोडू, न्हाई तर रामराम. तिनं पोरगी वाढीवली, तिच्या शब्दाभाईर मी न्हाई.’’

आता मी काय करायला हवं होतं? कारखान्यातल्या चांगल्यातल्या घाण्याची मूठभर शेवई बांधून न्यायला हवी होती. अण्णांनी तसं सुचवलंही. पण मला खुमखुमी आली. तिच्या हातच्या असणार, तर माझ्याही माझ्याच हातच्या हव्यात, उखळापासून. दोघी बायकांनी मुसळ पुढे केलं तेव्हा मी त्यांना हात लावू दिला नाही. पण दिवसभर अण्णांची ऑर्डर चालू होती, आणि उखळ मोकळं झालं तेव्हा उन्हं उतरली होती. चाक फिरवणं वेगळं आणि मुसळ मारणं वेगळं, हे मला तेव्हा कळलं. चाकाला एक दंड पुरतो. मुसळाला कंबर लागते, आणि धीर तर त्याहून जास्त लागतो. जरा कुटलं की मी पश्चिमेला बघायचो. अण्णा जेवून, हात पुसत दारात आले. ‘‘आवरा की ओ ऑपरेटर, सूर्य चालला.’’

‘‘थोडं राहिलंय अण्णा.’’

‘‘राहिलेलं गाईला घालू.’’

गाईला घालायची माझी तयारी नव्हती. पीठ ताणून बघितलं, तुटलं की नाही हे नीट बघायच्या आत नळकांड्यात भरलं आणि चाक गरागरा फिरवलं. शेवया दिसायला झकास उतरल्या. दिसण्यावर मी समाधान मानलं आणि उकडून बघायचं मुद्दामच टाळलं. दुसऱ्या दिवशी उन्हात वाळवल्या, धुवट धोतराच्या फडक्यात बांधल्या आणि पुनवेला आगगाडीत मांडीवर धरून आईबरोबर निघालो. कोणाचा धक्का लागला की मी त्याच्याकडे असा बघायचो की आई म्हणाली, ‘‘अरे, मूल न्हाई ते.’’

कुंडलला चुलीवर दोन पातेली चढली. या वेळी मुलगी आत गेली नाही. ती चुलीशी बसली होती आणि आत्या मधल्या दारात, दोन्हीकडे नजर ठेवून. पहिलं ताट तिच्या शेवयांचं आलं. माझा हात गेला, आणि या वेळी कोणी दचकलं नाही, सगळे त्याचीच वाट बघत होते. शेवई उजेडात धरली. टोकापासून टोकापर्यंत एकसारखी. चेपली, तरी फुटेना. अण्णांकडे मी इतक्या शेवया बघितल्या, अशी नव्हती बघितली. ‘‘काय नाव ठेवायला जागा न्हाई,’’ मी म्हणालो.

मग माझ्या आल्या. दूध आधीच दाटलेलं, शेवयांचे तुकडे झालेले. हवालदार चवीनं खात होते, बिचारे चांगलं म्हणायच्या तयारीत होते. आई तर मान डोलवायला लागलीही होती. मी गुळाबरोबर पटकन गिळलं असतं तर निभावलं असतं. मला ती मुलगी हवी होती, आणि तिच्यासाठी एक खोटं बोलायला माझी काहीच हरकत नव्हती. तोंड उघडलंही होतं. पण हात वर गेला होता, बोटांत शेवई होती, आणि तिच्या मधोमध पांढरा ठिपका होता. मला तो दिसला होता आणि चुलीशी बसलेलीला मी तो बघताना दिसलो होतो. तिच्याकडे बघून मला दुसरं काही बोलता येईना.

‘‘पीठ कमी मळलंय,’’ मी म्हणालो.

आईनं कपाळाला हात लावला. आत्या पुढं आल्या. ‘‘मळलं कुनी?’’

‘‘मीच.’’

आत्यांनी माझ्या ताटातली एक शेवई उचलली, माझ्यासारखीच उजेडात धरली, ठिपका बघितला. मग मुलीला म्हणाल्या, ‘‘वाढ त्येला तुज्या शेवया आनखी. उपाशी हाय त्यो.’’ आणि हवालदारांकडे वळून, ‘‘माज्या पिठाला नाव ठेवलं तवा लय राग आला हुता. आता सोताच्या पिठालाबी ठेवलं. दादा, सुपारी आन.’’

मुलगी वाढायला आली तेव्हा पदर तोंडाला होता. या वेळी मी नीट बघितलं. ती हसत होती, आणि मागच्या वेळीही हसतच आत पळाली होती, हे तिनं लग्नानंतर सांगितलं.

लग्न झालं आणि ती सांगलीला आली. आल्या आठवड्यातच शेडमध्ये येऊन तिनं उखळ बघितलं, मला म्हणाली, ‘‘चाक तुमचं. पीठ माजं.’’ अण्णांची ना नव्हती. त्यांचा मावळतीचा नियम तिनं मोडला नाही. पहाटेच रवा भिजवला, म्हणजे पीठ मुरायला दिवस मिळाला. तिचा पहिला घाणा वाळला त्या संध्याकाळी अण्णांनी मूठभर शेवई उकडायला लावली. त्या दोघी बायका, अण्णा, सगळे माझ्याभोवती उभे राहिले. मी एक शेवई उचलली आणि मावळत्या उन्हात धरली. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. तीच तेवढी बघत नव्हती. ती पाठमोरी बसून उखळ पुसत होती.