टाळूवरचा हात

बुढी, म्हणजे माझी बायको, गेली तेव्हापासून मी देवाशी नीट बोलत नाही. दिवा लावतो, हात जोडतो, झालं. श्रद्धा ठेवणारी तीच होती. मी तिच्या मागं जाणारा माणूस. तरी एक गोष्ट आठवली की माझं भांडण नरम पडतं.

आमची लेक सुनीता पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती, चिचगडजवळच्या आमच्या गावात. धानाच्या रोवणीचे दिवस. बुढी शेतातून, बांधीतून यायची, चिखलाचे हातपाय धुवायची आणि थेट नातीला मांडीवर घ्यायची. कोमट तेल टाळूवर जिरवायची, काहीतरी गुणगुणत. तेलानं लेकराची टाळू लवकर भरते, असं आमच्याकडं मानतात. त्या तेलाचा वास मला अजून येतो, घरात आता तेल लावणारं कोणी नसलं तरी.

एका सकाळी नात दूध ओढेना. अंग तापलेलं. उचललं की जास्तच किंचाळायची, खाली ठेवली की गप्प. बुढीनं टाळूवर हात फिरवला अन् उलट खूश झाली. "पाहा वो, टाळू भरून आली! एवढ्या लवकर कोणाची भरते?" मी पाहिलं. खळग्याच्या जागी फुगीर झालं होतं. मीही खूश. ताप हवेचा असेल म्हटलं. तरी बुढीचं मन राहिना, म्हणून आम्ही सगळे नातीला मातामायच्या पायावर घालायला निघालो. सडकेच्या कडेला कडुनिंबाखाली आमची मातामाय, गावाची देवी.

तिथं एक अनोळखी बाई हात जोडून उभी होती. नवऱ्याची भाजीची गाडी सडकेवर थांबलेली. तिनं कौतुकानं नातीला घेतलं, डोक्यावर तळवा ठेवला आणि तिचा चेहराच उतरला.

"माय, लेकरू रडून नाई राहिलं, तरी टाळू वर काऊन आहे?"

"भरली ना वो," बुढी म्हणाली.

"कायची भरली! माझ्या पोराची अशीच फुगली होती. आम्ही घरीच बसून राहिलो. चला, बसा गाडीत."

"पहिले पूजा तर होऊ दे."

"मातामाय कुठी पळून नाई जात. लेकरू जाईल."

बुढीला कोणी असं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. पण ती नातीला घेऊन गाडीत बसली. बुढी अन् सुनीता पुढं, मी मागं भेंडीच्या पोत्यांवर. गोंदियाच्या दवाखान्यासमोर उतरवून गाडी गेली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

डॉक्टर म्हणाला, "बाबाजी, पीठ से पानी निकालना पड़ेगा." पाठीत सुई टोचली तर पोरगी पांगळी होईल म्हणून सुनीता रडायला लागली. बुढी म्हणाली, "काढू द्या. मातामायनं इथवर आणलं, आता मागं कायले पाहता?"

मेंदूच्या आवरणाला सूज निघाली, विषाणूची. तपासणीचा निकाल येईपर्यंत सगळी औषधं चालली. मग डॉक्टरनं सांगितलं, या विषाणूला मारायचं औषध नाही. सलाईन देऊ, ताप उतरवू, लक्ष ठेवू, बाकी लेकराचं अंगच लढेल. मला राग आला. "मंग आपण इथी कायले बसून राहिलो?"

"बसा," बुढी म्हणाली. "धान रोवल्यावर तुम्ही ओढून वाढवता काय?"

मग एका दुपारी नातीनं तोंड वळवून आपणच दूध शोधलं. बुढी भिंतीला टेकून खाली बसली आणि पदरानं तोंड झाकलं. हसत होती की रडत होती, मला कळलं नाही.

ती बाई पुन्हा दिसली नाही. मातामायच आली होती, असं बुढी शेवटपर्यंत म्हणायची. मी म्हणतो, भाजीवाल्याची बायको होती, अन् तिचं पोर राहिलं का गेलं, हे आम्ही विचारलंही नाही. पण मातामायला कोणाला पाठवायचंच असेल, तर अशाच बाईला पाठवेल.

मागल्या साली बुढीला ताप आला. तिलाही मी लगेच नेलं, गाडीही मिळाली. ती परत आली नाही. का, ते मला समजत नाही. दवाखान्याच्या दारापर्यंत नेणं माझं, पुढचं देवाचं, एवढंच शिकलो.

परवा मी भाकर खायला बसलो, तर नात मांडीवर येऊन बसली. "आबाजी, आजी कशी होती?" सांगता सांगता माझी भाकर निवून गेली. हे विचारायला ती आहे, त्याच्यापुढं मी अजून काय मागू?