मूठभर गव्हावर जगणारा मी

माझे वडील मला उपाशी ठेवतात, ही गोष्ट नाशिक, इंदूर आणि अमेरिकेतल्या कुठल्याशा गावी सगळ्यांना माहीत होती. फक्त धुळ्यात, आमच्या घरात, ती कुणालाच माहीत नव्हती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी, जिथे पूर्वी पिठाची गिरणी होती तिथे, सायबर कॅफे निघाला. प्लायवूडचे चार खोपे, प्रत्येकात एक कॉम्प्युटर आणि पुढे एक पडदा (पडदा कशासाठी, ते मी विचारलं नाही). इंटरनेट लागेपर्यंत तो मोडेम असा किंचाळायचा, की गिरणी होती तेव्हा गल्ली जास्त शांत होती! ऑफिस सुटलं की मी तिथे जाऊन बसायचो. घरी सांगायचो, "ऑफिसचं काम होतं." मी सरकारी कचेरीतला क्लार्क. आमच्या कचेरीत पाचनंतर काम चालतं यावर जगात एकट्या माझ्या बायकोने, लताने, विश्वास ठेवला. तोही तिने ठेवल्यासारखं दाखवलं होतं, हे मला नंतर कळलं.

तिथे मला ई-मेलवरचा एक गट सापडला. पंचवीस-तीस मराठी माणसं. रोज कुणीतरी आपलं गाऱ्हाणं इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत लिहायचं आणि बाकीचे धीर द्यायचे. कुणाचा घरमालक पाणी सोडत नाही, कुणाचा साहेब रजा देत नाही, अमेरिकेतल्या एका बाईंना कढीपत्ता मिळत नाही. (त्या कढीपत्त्यावर आठवडाभर सांत्वन चाललं होतं!)

मीही लिहिलं. पहिल्यांदा लिहिलं ते अगदी खरं लिहिलं. माझे वडील, नाना, एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, पण घरातून झालेले नाहीत. सकाळी पाचला सगळ्यांना उठवतात. अंघोळीला रांग लावतात. पंगतीत वाढताना "पुढे सरका, पुढे सरका" म्हणतात. पस्तिसाव्या वर्षीही पंख्याचा रेग्युलेटर फिरवायची मला परवानगी नाही, तो नानांनी दोनवर ठेवलाय आणि दोनवरच राहणार.

तीन उत्तरं आली. नाशिकच्या मेधाताई, मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांनी लिहिलं, "संजय, मनात ठेवू नकोस. लिहीत जा." इंदूरचे विनायकराव, बँकेतून निवृत्त, त्यांनी लिहिलं, "भैया, आपण आहोत ना. टेन्शन नाही घ्यायचं." मला अक्षरशः भरून आलं. पस्तीस वर्षांत माझं म्हणणं कुणी शेवटपर्यंत ऐकून घेतलं नव्हतं. नाना तर तिसऱ्या शब्दालाच घंटी मारायचे.

पण पंख्यावर किती दिवस सहानुभूती मिळणार? दुसऱ्या पत्राला दोनच उत्तरं आली. मी अस्वस्थ झालो.

तेवढ्यात एका संध्याकाळी आमची पाण्याची मोटर बिघडली. नाना टाकीवर चढले आणि शिडी धरून मी खाली उभा. जेवायला अर्धा तास उशीर झाला. मी लिहिलं, "काल वडिलांनी मला ताटकळत उभं ठेवलं. जेवण मिळेल की नाही, शाश्वती नव्हती." सात उत्तरं! मग माझी गाडी सुटली ती सुटलीच. डॉक्टरांनी साखर जपायला सांगितली म्हणून नानांनी माझ्या ताटातली तिसरी जिलबी उचलली, त्याचं झालं, "गोड पदार्थ माझ्या तोंडापर्यंत येऊन परत जातो." गच्चीवर पुन्हा शिडी धरली, त्याचं झालं, "तासन्‌तास उन्हात उभं करतात." मी खोटं लिहीत नव्हतो. मी फक्त शिडी गाळत होतो.

वर्षभरात मी गटातला सगळ्यात दुःखी माणूस झालो. कढीपत्तावाल्या बाई तर केव्हाच मागे पडल्या! श्रावण लागता लागता मेधाताईंनी लिहिलं, "पत्ता दे, तुला राखी पाठवते." मी आनंदाने दिला. इतक्या हुशार माणसाने इतकी मोठी चूक कशी केली, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटतं.

आता कानबाईचं सांगायला हवं, नाहीतर पुढचा घोटाळा समजणार नाही. श्रावणातल्या एका रविवारी आमच्याकडे कानबाई, म्हणजे आमची खानदेशातली देवी, बसते आणि तिचे रोट होतात. रोट म्हणजे पुरणपोळ्या, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, असा नैवेद्याचा स्वयंपाक. त्यासाठी कुटुंबातल्या माणसागणिक एक-एक मूठ गहू घ्यायचा. पीठ चाळलं तरी कोंडा टाकायचा नाही, तोही वापरायचा. आणि हे अन्न फक्त आमच्या भाऊबंदांनी खायचं. बाहेरच्या माणसाला त्यातला घासही द्यायचा नाही, मग तो कितीही जवळचा असो. उरलं तर दुसऱ्या दिवशी आम्हीच संपवायचं. गल्लीला हे सगळं माहीत असतं, त्यामुळे त्या दुपारी रोटाच्या घरी कुणी परका फिरकत नाही.

त्या रविवारी धरणगावचे काका, दोंडाईच्याचे चुलतभाऊ, त्यांची मुलंबाळं, असे आम्ही पस्तीस-चाळीस जण ओसरीवर पंगतीला बसलो होतो. मी नुकताच पाय मोकळे करायला उठलो होतो (पाचव्या पोळीनंतर मी थोडा फेरफटका मारतो, जागा होते). हातात अर्धी पोळी तशीच होती. दाराशी रिक्षा थांबली.

रिक्षातून एक उंच, चष्मेवाल्या बाई उतरल्या. एका हातात चार पुडांचा डबा, दुसऱ्या हातात जाड फाईल. मागून एक टोपीवाले गृहस्थ शेवेची पिशवी घेऊन उतरले.

"संजय इथेच राहतो ना?" बाईंनी विचारलं.

"मीच संजय."

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याला जरा वेळ लागला, कारण मी तेव्हा ब्याण्णव किलो होतो.

"तुम्ही नाही हो," त्या म्हणाल्या. "ज्याला जेवायला देत नाहीत, तो संजय."

माझ्या हातातली अर्धी पोळी तिथेच थिजली. "मेधाताई?"

मेधाताईंनी टोपीवाल्यांकडे, म्हणजे विनायकरावांकडे, पाहिलं. विनायकराव हळूच म्हणाले, "ताई, सूज असेल. उपासमारीत येते अशी सूज."

या दोघांनी मला न कळवता आपापसात ठरवलं होतं, धुळ्याच्या स्टँडवर भेटले होते आणि माझी सुटका करायला आले होते! त्यांना तसंच रिक्षात बसवून परत पाठवावं, असा विचार माझ्या मनात येतोय तोवर मागून नानांचा आवाज आला.

"कोन शे रे?"

"ऑफिसचे लोक आहेत, नाना!"

"मंग दारमा काब्र उभा करेल शे? या, या! पुढे सरका!" (आमच्या अहिराणीत "काब्र" म्हणजे "कशाला".)

नानांनी त्यांना सतरंजीवर बसवलं, पाणी दिलं. विनायकराव पहाटेपासून बसमध्ये होते. पुरणपोळीच्या वासाने त्यांचा चेहराच बदलला. "वा, नानासाहेब! मग एक-एक पोळी आपणही..."

नानांनी हात जोडले. "भाऊ, राग नका मानू. हाई अन्न आमना घरना माणूसनीच खावानं. भायेरनाले चालत नही."

मेधाताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ असा होता : पाहुण्यालासुद्धा नाही!

नानांना वाटलं, बाईंना आमच्या चालीरीतींत रस आहे. त्यांना स्फुरण चढलं. "ताई, आमनं कडक ऱ्हास. माणसाले एक मूठ गहू. मोजीसन!"

"एक मूठ?" मेधाताईंचा हात पदराकडे गेला.

"एकच! आन् कोंडा बी फेकतस नही. तो बी यास्लेच खानं पडस."

"कोंडा..." मेधाताईंनी पदर डोळ्यांना लावला.

"आन् उरनं ते उद्या. ते संपस नही तवलोंग दुसरं काही भेटत नही!" नाना अभिमानाने म्हणाले.

मी नानांच्या पाठीमागून मेधाताईंना डोळ्यांनी, भुवयांनी, हातांनी खुणा करत होतो : नाही, तसं नाही, थांबा! मेधाताईंनी उठून माझा हात घट्ट धरला. "कळलं, संजय. घाबरू नकोस. आता आम्ही आलोय."

आणि त्यांनी फाईल उघडली. माझी वर्षभराची सगळी पत्रं, छापून, तारखेनुसार लावलेली! (मुख्याध्यापिका होत्या, म्हटलं ना.) "नाना, तुम्ही वयाने मोठे आहात, पण आज मी बोलणार. या मुलाने काय सोसलंय, ते सगळं इथे लिहिलेलं आहे."

नानांनी चष्मा लावून एक कागद पाहिला. "हाई ते इंग्रजी शे." त्यांनी तो माझ्याकडे दिला. "वाच."

"नाना, हे ऑफिसचं..."

"वाच!"

त्या आवाजाने तीस वर्षं चालत्या बसमध्ये सगळ्यांना गप्प केलं होतं. पंगत खायची थांबली. मी वाचायला लागलो. पहिलं पत्र पंख्याचं निघालं, ते संपल्यावर मेधाताई पुढचे कागद एकेक करून हातात देत गेल्या.

"वडील मला... तासन्‌तास... उन्हात उभं करतात."

"शिडी धरीसन ना?" दोंडाईच्याचा चुलतभाऊ म्हणाला. मागून कुणीतरी खुसखुसलं.

"गोड पदार्थ... माझ्या तोंडापर्यंत येऊन... परत जातो."

चाळीस माणसांनी एकदम माझ्या हातातल्या पोळीकडे पाहिलं. तिच्यावरून तूप माझ्या कोपरापर्यंत ओघळलं होतं.

"अंगावर आता फक्त... हाडं उरली आहेत."

धरणगावच्या काकांना खिरीचा ठसका लागला. त्यांच्या पाठीवर थापा मारायला तिघं उठले. विनायकरावांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि मला पुन्हा एकदा पाहिलं. नेमकी त्याच वेळी लता आतून गरम पोळी घेऊन आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अहो, तुमची ही सहावी ना?"

ओसरी फुटली! लहान मुलं तर सतरंजीवर लोळायला लागली. त्या हसण्यात एकच माणूस हसत नव्हता.

नाना माझ्याकडे पाहत होते. मला वाटलं, आता ओरडतील. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"संज्या," ते हळू म्हणाले, "तुले पंखा जोरमा पाहिजे व्हता, ते माले काब्र नही सांगं? नाशिकले सांगं, इंदूरले सांगं. मी तं आठेच व्हतू, घरमा."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. दूरच्या माणसांची चार ओळींची माया मिळावी म्हणून मी घरातल्या माणसाला चव्हाट्यावर नेऊन राक्षस केलं होतं, आणि तो माणूस माझ्याच नावाची मूठ मोजून, गव्हात टाकून, देवीपुढे बसला होता. मी तिथेच सगळ्यांसमोर सांगून टाकलं. पंखा खरा, अंघोळीची रांग खरी, बाकी सगळं मी फुगवलं. उत्तरं जास्त यावीत म्हणून फुगवलं. रोटाची रीतही मेधाताईंना नीट समजावून सांगितली.

मेधाताईंनी फाईल मिटली. "कान धर," त्या म्हणाल्या.

"ताई, मी पस्तीस वर्षांचा..."

"दोन्ही!"

मी धरले. तुपाच्या हातांनी. लताच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे समाधान होतं, ते आमच्या लग्नातही नव्हतं.

मग प्रश्न आला पाहुण्यांच्या जेवणाचा. रोट तर चालत नव्हते. शेवटी माझ्यासाठी, म्हणजे एका भुकेल्या जिवासाठी, नाशिकहून आलेला तो चार पुडांचा डबा त्या दोघांनीच आमच्या ओसरीवर बसून खाल्ला. नाना त्यांच्या शेजारी बसून राहिले. खाता खाता विनायकरावांनी सहज विचारलं, "नाना, याचं तर कळलं. आपल्याला काही तकलीफ?"

नानांनी चमकून पाहिलं. हा प्रश्न त्यांना बहुधा कुणीच विचारला नव्हता. मीही नाही. ते बोलायला लागले ते संध्याकाळच्या बसची वेळ होईपर्यंत थांबले नाहीत. त्यांचे दुखरे गुडघे, निवृत्तीनंतरचा रिकामा दिवस, गेलेले सोबती ड्रायव्हर, आणि त्यातला निम्मा वेळ, मी! मेधाताई मान डोलवत होत्या. विनायकराव दर दोन वाक्यांनी "बरोबर आहे, नाना, बरोबर आहे" म्हणत होते.

पुढच्या सोमवारी मी सायबर कॅफेला निघालो, तर नाना चप्पल घालून दाराशी तयार उभे होते.

आता प्लायवूडच्या खोप्यात आम्ही दोघं बसतो. नानांना टाइप करता येत नाही, म्हणून ते सांगतात आणि मी लिहितो. पंखा पाचवर गेलाय आणि त्यांना थंडी वाजते, हे मी लिहिलं. पोऱ्या ऑफिसातून घरी येतो पण दोन शब्द बोलत नाही, हेही मीच लिहिलं. त्या पत्राला एकवीस उत्तरं आली, माझा उच्चांक कधीच मोडला! सगळा गट त्यांच्या बाजूने आहे. अमेरिकेतल्या बाई तर विचारतात, "नाना, अशा मुलाबरोबर तुम्ही दिवस कसे काढता?" त्यावर नाना एक मोठा उसासा सोडतात आणि मला म्हणतात, "लिख, काढी ऱ्हायनू कसातरी." मी लिहितो.

त्यांची ताजी तक्रार अशी, की पोऱ्या टाइप फार हळू करतो आणि सोयीचे नाहीत ते शब्द गाळतो. हे वाक्य मला तीनदा टाइप करावं लागलं. पहिल्या दोन वेळी त्यातलं दुसरं अर्धं राहूनच गेलं होतं.