विहिरीचं घर

नातवाच्या सोड्याच्या बाटलीचं पत्र्याचं झाकण फरशीवर खणखणलं आणि मला औशाजवळच्या आमच्या गावातला तो उन्हाळा आठवला. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, एसटी थांब्यावरच्या नव्या पाटीचा रंग अजून वाळायचा होता, आणि गावात पाण्याची एकच विहीर उरली होती, माझ्या मित्राच्या घरची. तिच्याजवळच्या चिंचेखाली फरशीवर कोळशानं पट आखून आम्ही दोघं बुद्धिबळ खेळायचो. त्या दुपारी कंटाळून आम्ही नवाच डाव काढला. मधोमध असंच एक झाकण ठेवलं, ती विहीर. जी सोंगटी तिथं पाणी पिणार नाही, ती मरणार. बाभळीच्या शेंगेचा टँकर केला, पण तो हलायचा नाही असं ठरलं. घोडे, उंट, वजीर पाणी पिऊन आले. मी प्यादं सरकवलं, तर त्यानं माझा हात धरला. "प्याद्यानं विहिरीच्या घरात यायचं न्हाई. हत्तीनं वरून वतलं तरच प्यायचं." "हा नियम कधी केलास?" "म्या न्हाई केला. सकाळी आमचे आबा अन् गावातली माणसं बोलत व्हती." तो अगदी सहज बोलला. आमच्या बौद्धवाड्यातून आई याच वेळेला पाण्याला निघायची. मी आमच्या पायवाटेकडं पळालो. मी आलो तेव्हा मोकळ्या असलेल्या त्या वाटेवर ताजी बोराटी टाकली होती. काट्यांच्या पलीकडं आई रिकामी घागर घेऊन उभी होती, अलीकडं मी, आणि मागून मित्र ओरडत होता, "ये की, चाल तुझी हाय!" नातू मी उचललेलं झाकण मागतोय. माझी मूठ उघडत नाही.